द स्ट्रेंजर (आल्बेर कामू): मर्सो खोटं बोलत नाही म्हणता, मग रेमंडचं काय?

कामूची ही कादंबरी 1942 ची, जेमतेम सव्वाशे पानांची, एका बैठकीत होते म्हणून भरपूर जण वाचतात आणि मग मर्सो त्यांचा हिरो होऊन बसतो, की बघा कसला माणूस आहे, कशाचं काही वाटून घेत नाही, उगाच लोकांना दाखवायला रडत नाही. पुस्तक जबरदस्तच आहे, पण हे कौतुक मला अजिबात पटत नाही.

गोष्ट बऱ्याच जणांना माहिती असेल. अल्जीरियातल्या अल्जिअर्स शहरातला मर्सो हा साधा क्लार्क, आई मारेंगोच्या वृद्धाश्रमात वारते, हा रडत नाही, तिच्या पेटीशेजारी बसून दुधाची कॉफी पितो, सिगरेट ओढतो, अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी मैत्रीण मारीबरोबर पोहायला आणि कॉमेडी पिक्चरला जातो. पुढे त्याच्या हातून एका अरबाचा खून होतो आणि कोर्टात खुनापेक्षा आईच्या मयताला न रडण्याचाच खटला जास्त चालतो. कामूने 1955 च्या प्रस्तावनेत स्वतः म्हटलंय की हा माणूस खोटं बोलायला नकार देतो.

पण शेजारचा रेमंड बघा ना. बायकांच्या जिवावर जगतो अशी चाळभर चर्चा असलेला माणूस, मर्सोला घरी बोलावून सॉसेज आणि वाइन देतो आणि म्हणतो मला माझ्या बाईला परत बोलवायला एक पत्र लिहून दे, म्हणजे ती आली की तिला अद्दल घडवता येईल. मर्सो लिहून देतो, नाही म्हणायला काही कारण नव्हतं म्हणून! वर रेमंड त्याला ऐकवतो की पुरुषांचं पुरुषांना बरोबर कळतं. ती बाई येते, मार खाते, बिल्डिंगभर किंचाळ्या ऐकू येतात, मारी म्हणते पोलिसांना बोलव, तर हा म्हणतो मला पोलीस आवडत नाहीत. आणि नंतर चौकीत जाऊन साक्ष देतो की तिनेच रेमंडला फसवलं होतं, जे ह्याला फक्त रेमंडच्या तोंडून माहीत होतं. रेमंड ताकीद घेऊन सुटतो. म्हणजे मारीने प्रेम आहे का विचारलं की तोंडावर बहुतेक नाही म्हणणारा हा खरं बोलणारा माणूस दोस्तासाठी मात्र पाहिजे ते बोलतो, आणि किंमत मोजते ती बाई, जिला कामूने नावसुद्धा दिलेलं नाही, आणि तिचा भाऊ. तो मारला गेलेला अरब म्हणजे तिचाच भाऊ. पिस्तूल तरी मर्सोच्या हातात कसं येतं, तर तोच रेमंडला सांगतो, पुरुषासारखा समोरासमोर लढ, पिस्तूल माझ्याकडे दे. मर्दानगीच्या त्या नियमातूनच ते त्याच्या खिशात जातं आणि थोड्या वेळाने त्यातूनच आधी एक आणि मग चार गोळ्या सुटतात.

आणि त्याला काही वाटतच नाही हेही खरं नाही हो. म्हातारा सालामानो, जो आपल्या खरूज झालेल्या कुत्र्याला रोज मारायचा, शिव्या घालायचा, त्याचं कुत्रं हरवतं आणि रात्री भिंतीपलीकडून बारीक विचित्र आवाज येतो, मर्सोला कळतं की म्हातारा रडतोय. त्याला आई आठवते, का ते कळत नाही, आणि तो म्हणतो उद्या लवकर उठायचंय, भूक नव्हती, न जेवता झोपलो. हा पॅरा मी परत परत वाचते. पोटाला कळलंय, तोंडाला शब्द नाहीत. आपल्याकडे पोरांना लहानपणापासून मुलींसारखा रडतोस काय म्हणून दटावतात, त्यातली कितीतरी पोरं मोठी होऊन अशीच न जेवता झोपतात. कोर्टात हॉटेलवाला सेलेस्त त्याच्या बाजूने बोलताना डोळ्यांत पाणी आणतो तेव्हा मर्सोला आयुष्यात पहिल्यांदा एका पुरुषाचा मुका घ्यावासा वाटतो, पण करत काहीच नाही, बोलतही नाही.

इंग्रजीतून वाचणार असाल तर मॅथ्यू वॉर्डचं 1988 चं भाषांतर घ्या, छोटी कोरडी वाक्यं त्यात छान उतरलीत. कॉलेजात वाचलं असेल तर परत वाचा, आणि ह्यावेळी रेमंडचे सगळे प्रसंग सावकाश वाचा, तिथे बहुतेक जण पानं भराभर उलटतात. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या बाईला एक वाक्यही नीट बोलू दिलं नाही म्हणून कापला.