बिलात नवा पिस्टन, इंजिनात जुनाच

गवत कापायच्या यंत्राचं इंजिन जाम झालं होतं. 'फुल रिबिल्ड करून देतो' म्हणणाऱ्या मेकॅनिककडे ते दिलं आणि त्याने सरळसरळ फसवलं. बिलावर बोअरिंग (झिजलेला सिलिंडर आतून कापून थोडा रुंद करणं), त्यात बसणारा 0.50 मिलिमीटर ओव्हरसाईज, म्हणजे तेवढा जाड पिस्टन, नव्या रिंगा, पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी) जोडणारा नवा कनेक्टिंग रॉड, दोन्ही ऑइल सील आणि पॅकिंगचा सेट, एवढं सगळं लिहिलेलं होतं. यातलं काहीही केलेलं नव्हतं. इंजिन पुन्हा जाम झाल्यावर मी ते घरी खोललं तेव्हा हे समोर आलं. आत काय सापडलं ते तपशिलात सांगतो. बंद इंजिनात काय बसवलंय ते बाहेरून कळत नाही आणि ही लबाडी नेमकी त्याच्याच जोरावर चालते.

आधी इंजिन मुळात का अडकलं ते. उभ्या शाफ्टचं, एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन. अशा अनेक लहान इंजिनांत ऑइल पंप नसतो. तळाशी एक छोटी पात्यांची चकती फिरते, ती ऑइल उडवते आणि त्या शिंतोड्यांवर सगळं चालतं. ऑइल असतंही जेमतेम अर्ध्या लिटरच्या आसपास. पात्याच्या मुळाशी सुतळी किंवा लांब गवत गुंडाळलं गेलं, की ते खालच्या ऑइल सीलची कड कापतं आणि ऑइल गळत राहतं. कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा, तो क्रँकच्या पिनवर थेट फिरतो, मध्ये वेगळं बेअरिंग नसतं. ऑइल संपलं की रॉडचं ॲल्युमिनियम पिनला चिकटतं आणि सगळं जागच्या जागी थांबतं. म्हणजे या दुरुस्तीत खालचा सील बदलणं सगळ्यात महत्त्वाचं होतं.

इंजिन परत मिळालं तेव्हा बाहेरून काळा रंग मारलेला, नवा प्लग, आणि दोरी ओढताच सुरू. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, भंगारात गेले. बोअरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं, माप विचारलं तर म्हणाला, 'कंपनी साईजच आहे, काळजी करू नका.' बिलावर 0.50 ओव्हरसाईज आणि तोंडी कंपनी साईज, म्हणजे मूळ माप, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असूच शकत नाहीत. तसं म्हटल्यावर त्याने विषय बदलला.

थोडंच काम झालं आणि लोड आला की आतून ठकठक ऐकू यायला लागली. मग इंजिन अडकलं. त्याचं उत्तर तयार होतं: 'तुम्ही ऑइल चुकीचं घातलं.' आत ऑइल त्याने स्वतः भरलेलं होतं. काढून पाहिलं तर ते गिअर ऑइलइतकं दाट. दाट ऑइल घातलं की सैल रॉडचा आवाज दबतो आणि झिजलेल्या रिंगांचा धूर काही काळ कमी दिसतो. गिऱ्हाईक यंत्र घेऊन जाईपर्यंत तेवढं पुरतं.

पातं काढलं आणि पहिला पुरावा इंजिन न उघडताच मिळाला. खालचा सील जुनाच होता, कड कडक होऊन चिरलेली आणि खाचेत वाळलेलं गवत तसंच. हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, उतरवलं. ओव्हरसाईज पिस्टनच्या डोक्यावर सहसा साईजचा आकडा ठोकलेला असतो, इथे काही नव्हतं. कार्बन स्क्रूड्रायव्हरने खरवडल्याच्या रेघा मात्र स्पष्ट होत्या. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे जसेच्या तसे. खरोखर बोअरिंग करून होनिंग (सिलिंडरची भिंत दगडाने घासणं) केलं असतं तर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघांची जाळी दिसली असती, आणि ती इतक्या थोड्या वापरात पुसली जात नाही. रिंगांच्या खाचा जुन्या कडक कार्बनने भरलेल्या. तळाचं झाकण पॅकिंगऐवजी सिलिकॉनने चिकटवलेलं. अशा इंजिनांत त्या पॅकिंगच्या जाडीवर क्रँकचा वर-खाली प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, ठरतो. तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, त्यामुळे तिथे मनाला येईल तसं सिलिकॉन चालत नाही.

सगळ्यात संताप आला तो पिन बघून. क्रँक जागेवरच ठेवून त्याने पिनवरचं ॲल्युमिनियम पॉलिश पेपरने घासलं होतं आणि तोच रॉड परत आवळला होता. पेपरचे कण रॉडच्या मऊ धातूत रुतून बसले आणि प्रत्येक फेऱ्याला पिन कापत राहिले. काहीच न करता त्याने इंजिन परत दिलं असतं, तर निदान क्रँक वाचवणं सोपं गेलं असतं.

फोटो दाखवले तर म्हणाला, मधे दुसऱ्या कुणीतरी खोललं असेल. पैसे परत मिळाले नाहीत.

इंजिन मग मी घरीच बांधलं. पिनवर चिकटलेलं ॲल्युमिनियम हायड्रोक्लोरिक ॲसिडने विरघळतं. क्रँक पूर्ण बाहेर काढून, मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून, बोळ्याने फक्त त्या डागांवर लावायचं. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच ऑइल चोळायचं. हे ॲसिड ॲल्युमिनियमच्या कोणत्याही भागाला लागू द्यायचं नाही, आणि जास्त वेळ ठेवलं तर लोखंडही खातं. नंतर पिन मायक्रोमीटरने आडवी-उभी मोजली. वाचली होती, मर्यादेच्या आत. सिलिंडर मात्र बोअरिंगला द्यावाच लागला. या वेळी दुसरीकडे, समोर उभं राहून वर, मध्ये आणि खाली मापं घेतली आणि कागदावर लिहून घेतली. नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ ढकलून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) पाहायची. किती चालते ते त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेलं असतं, आणि एक मिलिमीटरच्या पुढे गेलेली रिंग विसरून जा. क्रँक आणि कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टच्या) गिअरवरच्या खुणा जुळवल्या, रॉडचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळले.

आणखी एक, आणि यात फार जण अडकतात. दोरी ओढली जात नाही म्हणजे इंजिन जाम, असं कुणी म्हटलं तर लगेच मान्य करू नका. कार्बोरेटरची सुई अडकली तर पेट्रोल सिलिंडरमध्ये भरतं आणि पिस्टन वर येऊच शकत नाही. प्लग काढून तोंड दूर ठेवून दोरी ओढा, पेट्रोल उडालं आणि इंजिन फिरलं तर जाम काही नाही. ते पेट्रोल तळाच्या ऑइलमध्येही उतरलेलं असतं, तेव्हा ऑइल बदलायचं. हँडलचा लिव्हर सोडल्यावर फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) धरणारा ब्रेक अडकला किंवा पात्यात काही रुतलं तरी हेच लक्षण दिसतं. प्लगची वायर काढूनच पात्याला हात लावा. अशा किरकोळ बिघाडावर पूर्ण रिबिल्डचं बिल लावणं अगदी सोपं असतं.

इंजिन देण्याआधी हेडच्या आणि तळाच्या झाकणाच्या दोन-तीन बोल्टवर, डोकं आणि बॉडी यांना जोडणारी रंगाची बारीक रेघ ओढा आणि फोटो काढून ठेवा. बोल्ट फिरला की रेघ तुटते. परत घेताना रेघा अखंड असतील, तर झाकण उघडलेलंच नाही. जुना पिस्टन, रॉड, रिंगा आणि सील परत हवेत हे काम देतानाच कागदावर लिहून घ्या, बोअरचं आधीचं आणि नंतरचं मापही त्याच कागदावर मागा. अंगावर ताजा रंग असलेलं इंजिन दिसलं तर रंग कशावर मारलाय ते बघा: बोल्टच्या सांध्यांत जुनी माती आणि वर नवा रंग असेल, तर पैसे देण्याआधी पातं काढायला लावून खालचा सील स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.