स्टुडिओ म्युझियम, हार्लेम : सभासदत्वाचे सात महिने

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातलं स्टुडिओ म्युझियम म्हणजे कृष्णवर्णीय कलाकारांचं काम मांडणारी संस्था. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिची नवी इमारत उघडली आणि त्याच आठवड्यात मी वर्षाचं सभासदत्व घेऊन टाकलं. हिशेब साधा होता. कृष्णवर्णीय चित्रकारांमधलं बास्कियापलीकडे आपल्याला ओ की ठो कळत नाही, तर निदान बघायला तरी जाऊ. जर्सी सिटीहून पाथ रेल्वे, पुढे न्यूयॉर्क सबवेची डी गाडी, एकशे पंचविसाव्या रस्त्यावर उतरून दहा मिनिटं चालायचं. आतापर्यंत नऊ फेऱ्या झाल्यात.

पहिल्या फेरीतच टॉम लॉइड या विजेच्या दिव्यांतून कलाकृती घडवणाऱ्या कलाकाराचं प्रदर्शन भेटलं. १९६८ साली ही संस्था भाड्याच्या जागेत सुरू झाली तीही त्याच्याच प्रदर्शनाने. सत्तावन्न वर्षांनी नव्या वास्तूतही मान त्याला. भिंतीवर रंगीत दिवे, ठरलेल्या क्रमाने लागतात आणि विझतात. नवरा म्हणाला, "ही तर मखराची चेसर माळ!" मीही हसले. मग बाकावर टेकलो. काही मिनिटांनी क्रम कळल्यासारखा वाटतो, आणि नेमका तेव्हाच लाल दिवा चुकवतो. माळेकडे कोणी इतका वेळ बघत नाही, एवढाच काय तो फरक.

नावातला 'स्टुडिओ' शोभेचा नाही. इथे कलाकारांना निवासी म्हणून घेतात, कामाला जागा देतात, शेवटी त्यांचं काम मांडतात. ओबामांचं अधिकृत चित्र काढणारा केहिंडे वायली इथलाच, न्जिडेका अकुन्यिली क्रॉस्बी इथलीच, केरी जेम्स मार्शलही. मला सगळ्यात उपयोगी पडली ती ही यादी. जुन्या निवासींची नावं घ्यायची आणि एकेकाचा माग काढत बसायचं. महिन्याला एकच नाव, असा नेम केलाय.

मार्शलच्या महिन्यात एक गोष्ट कळली आणि डोकंच फिरलं. त्याचं 'पास्ट टाइम्स' हे चित्र शिकागोतल्या एका सरकारी संस्थेने १९९७ साली २५,००० डॉलरला घेतलं होतं. २०१८ मध्ये लिलावात ते २ कोटी ११ लाख डॉलरला गेलं. चित्रकाराला त्यातला छदामही नाही, कारण अमेरिकेत पुनर्विक्रीतला वाटा देणारा कायदाच नाही. (आपल्या भारतीय कॉपीराइट कायद्यात असा वाटा देणारं ५३अ कलम आहे, पण ते एक असो.)

हे आधी कळलं असतं तर माझे ३५० डॉलर वाचले असते. जानेवारीत एका संकेतस्थळावरून हौसेने लिथोग्राफ (शिळाछापाचं चित्र) मागवला, 'कलाकारांना पाठबळ' वगैरे वाचून. पार्सलवर बघते तर विकणारा तिसराच, जुन्या मालाचा व्यापारी. चित्र सुंदर आहे, नाही असं नाही. पण पाठबळ मिळालं ते त्या व्यापाऱ्याला.

एप्रिलमध्ये ब्रुकलिनमध्ये एका खुल्या स्टुडिओच्या दिवशी गेले. तिथे एका तरुण मुलीकडून थेट प्रिंट घेतली, १८० डॉलर, खाली पेन्सिलीने ९/४०, म्हणजे चाळीस प्रतींतली नववी, आणि सही. तिने फोनवर पैसे आल्याचं बघितलं आणि म्हणाली, शाईचं बिल सुटलं. घरी येईपर्यंत नळकांडं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

फ्रेमवाल्याने मात्र घोळ घातला. काच थेट कागदाला टेकवली, मधे माउंट, म्हणजे अंतर राखणारी पुठ्ठ्याची चौकट, नाही; महिनाभरात दमटपणाने कोपरा फुगला. पुन्हा पैसे मोजून सोडवून घेतली. घेणाऱ्यांनी आधीच बजावून सांगा : आम्लमुक्त माउंट, आणि कागद काचेला लागता कामा नये.

सभासदत्वाचे पैसे वसूल झाले का? बघण्यापुरते कधीच झाले. फक्त ते पैसे संस्थेकडे जातात, चित्र काढणाऱ्याच्या हातात पडत नाहीत, हे धरून चाला. नोव्हेंबरात नूतनीकरण करणार आहे, पण एक श्रेणी खालची घेईन. उरलेले त्या मुलीच्या पुढच्या प्रिंटसाठी वेगळ्या पाकिटात टाकायला सुरुवात केलीये. आजपर्यंत ६० डॉलर जमलेत.