ऑपरेशननंतर लगेच कॅथेटर, की पुन्हा छाती उघडायची?

जन्मजात हृदयदोषाचे ऑपरेशन होऊन आठवडाही उलटला नसताना बाळाच्या फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद राहिल्याचे दिसले, तर काय करावे, असा पेच बेळगाव जिल्ह्यातील खानापूरकडच्या एका पालकांपुढे पडला आहे.

कॅथेटर म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत नेलेली बारीक नळी; तिच्या टोकाचा फुगा फुगवून अरुंद वाहिनी रुंद करतात. ताज्या टाक्यांवर हा फुगा फुगवला तर वाहिनी फाटेल, या भीतीने पूर्वी सुमारे सहा आठवडे थांबण्याचा प्रघात होता. आता अनुभवी पथके गरज असेल तर लवकरही कॅथेटर करतात, आणि टाक्यांच्या जागी जोराने फुगवण्यापेक्षा बेताच्या मापाचा स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवणे बहुधा पसंत करतात. मांडीच्या शिरेतून काम होत असल्याने छाती पुन्हा उघडणे टळते, मात्र क्ष-किरण आणि मूत्रपिंडांवर ताण आणणारा डाय (वाहिन्या क्ष-किरणात दिसाव्यात म्हणून टोचलेला द्रव) टळत नाही. टिकाऊपणात शस्त्रक्रिया बहुधा सरस, कारण स्टेंट मुलाबरोबर वाढत नाही. दुसरी प्रक्रिया सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर बसते का, हे आधीच विचारावे. संमतीपत्र कन्नड वा इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून घ्यावे, त्यात संकोच कसला!

अरुंद वाहिनी किंवा बंद पडू लागलेला शंट (फुप्फुसाकडे रक्त नेण्यासाठी ऑपरेशनमध्ये बसवलेली नळी) असेल तर कॅथेटर योग्य. हृदयाच्या पडद्यात मोठे छिद्र उरले असेल किंवा टाक्यांतून रक्तस्राव होत असेल, तर सर्जनकडेच परतावे.