हृदयाच्या आकाराचा डबा आणि त्यातली सोळा चॉकलेटे

व्हॅलेंटाइन डेला चॉकलेटचा डबा देण्याची प्रथा आता इतकी अंगवळणी पडली आहे की, त्या डब्याकडे कोणी निरखून पाहतच नाही. फीत सुटते, झाकण बाजूला पडते आणि चॉकलेटे संपली की पुठ्ठा कचऱ्यात जातो. यंदा १४ फेब्रुवारीसाठी मी नवऱ्याला दिलेला डबा मात्र अजून आमच्या टेबलावर आहे, आणि हे परीक्षण लिहावेसे वाटले ते मुख्यतः त्यामुळेच.

डबा जाड पुठ्ठ्याचा असून त्यावर गर्द लाल कापड चढवलेले आहे. हृदयाच्या आकारात वरची खाच आणि खालचे टोक या दोन जागा सर्वांत अवघड असतात, कारण तिथे कापडाला चुण्या पडतात किंवा डिंक बाहेर येतो; इथे दोन्ही ठिकाणी कापड बारीक कापून आत दुमडले आहे आणि बोट फिरवले तरी सांधा हाताला लागत नाही. झाकण बसताना किंचित अडते आणि मग घट्ट बसते. आतली खणांची तबकडी सुटी आहे. ती उचलल्यावर खाली प्लॅस्टिक किंवा उघडा पुठ्ठा दिसत नाही, तर नीट चिकटवलेला फुलाफुलांचा कागद दिसतो. म्हणजे चॉकलेटे संपल्यानंतर या डब्याचे काय होणार, याचा विचार बनवणाऱ्याने आधीच केला आहे.

हा विचार या प्रथेच्या मुळाशीच आहे. हृदयाच्या आकाराच्या चॉकलेटच्या डब्याचे श्रेय सामान्यतः ब्रिटिश चॉकलेट उत्पादक रिचर्ड कॅडबरी यांना दिले जाते आणि त्यासाठी १८६१ हे साल सांगितले जाते. त्या काळचे सजवलेले डबे रिकामे झाले की लोक त्यांत पत्रे आणि लहानसहान आठवणी जपून ठेवत. पत्रांची प्रथा तर चॉकलेटांहून जुनी. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली आणि व्हॅलेंटाइनची शुभेच्छापत्रे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली.

आता चॉकलेटांविषयी. एकूण सोळा नग आहेत: सहा डार्क गनाशची (म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचे मऊ सारण), चार हेझलनट प्रालिनची (म्हणजे भाजलेले हेझलनट आणि साखर वाटून केलेले सारण), तीन कॅरमेलची आणि तीन स्ट्रॉबेरीची. डार्क गनाश अप्रतिम आहे. दातांखाली कवच कट् आवाज करून तुटते आणि आतले सारण रेशमासारखे मऊ लागते. कोको बटरचे, म्हणजे कोकोच्या बियांतल्या स्निग्धांशाचे, स्फटिक सहा प्रकारांनी जमू शकतात. त्यांतला पाचवा प्रकार साधला तरच चॉकलेटला ही तकाकी आणि हा ठिसूळपणा येतो, आणि ते साधारण ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या जरासे खाली, वितळत असल्यामुळे तोंडात गेल्या गेल्या विरघळू लागते. प्रालिनमध्ये हेझलनट चांगले खमंग भाजलेले आहेत आणि साखर बेताची आहे. कॅरमेलमधले मीठ मला थोडे जास्त वाटले, नवऱ्याला तेच सर्वांत आवडले. स्ट्रॉबेरीची तिन्ही चॉकलेटे मात्र या डब्यात शोभत नाहीत, कारण त्यांना फळाची चव नसून निव्वळ इसेन्सचा वास आहे.

डबा उघडला तेव्हा चार चॉकलेटांवर पांढुरकी साय आल्यासारखी दिसली. ही बुरशी नव्हे; वाटेत ऊब लागून कोको बटर पृष्ठभागावर आले की असे होते, आणि ते खाण्यास निर्धोक असले तरी भेटवस्तूची शोभा जाते. पाठवणाऱ्यांनी सोबत थंडावा देणारी पिशवी घालायला हवी होती. डबा कोरड्या जागी साधारण १५ ते १८ अंशांत ठेवावा, आणि फ्रिजमध्ये ठेवणे भागच असेल तर हवाबंद पिशवीत ठेवावा, एवढी सूचनाही कुठे छापलेली नाही.

सोबतच्या कार्डाने माझी खरी निराशा केली. त्यावर आठ ओळींचा छापील मजकूर आहे आणि स्वतःच्या हाताने दोन शब्द लिहायला बोटभर जागासुद्धा नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर इथे एस्थर हॉवलंड यांनी १८४० च्या दशकाच्या अखेरीस नाजूक कागदी लेस लावलेली व्हॅलेंटाइन कार्डे बनवायला सुरुवात केली. पुढे १८७९ मध्ये त्यांनी खास कवितांचे पुस्तक काढले, ज्यातून आवडीच्या ओळी निवडून कार्डावर चिकटवता येत. एवढ्या जुन्या काळी जी सोय सुचली, ती आज कोरी चौकट ठेवण्याइतकी सोपी असताना टाळण्याचे कारण मला समजत नाही.

वेष्टनावरचे 'तिच्यासाठी' हे शब्दही मला खटकले. जपानमध्ये या दिवशी बायकाच पुरुषांना चॉकलेट देतात आणि पुरुष १४ मार्चला, 'व्हाइट डे'ला, परतभेट देतात. फिनलंडमध्ये तर हा दिवस मित्रदिन म्हणूनच साजरा होतो. कोणी कोणाला द्यावे हे वेष्टनाने ठरवू नये. मी ते काढून टाकले आणि डबा तसाच दिला.

हा डबा घ्यावा असेच मी सांगेन. शक्य असल्यास स्ट्रॉबेरीऐवजी सर्व डार्क आणि प्रालिन मागावीत, आणि दुकानातून स्वतः हातात घेऊन आणावा. छापील कार्ड बाजूला ठेवून मी साध्या कागदावर चिठ्ठी लिहिली होती. डबा रिकामा झाल्यावर नवऱ्याने खणांची तबकडी काढली, चिठ्ठी फुलाफुलांच्या कागदावर सपाट ठेवली आणि झाकण लावले.