वाइन कूलर, नऊ महिन्यांनंतर: डिस्प्लेवर १२, आत २३

डिस्प्लेवर १२. आत ठेवलेल्या थर्मामीटरवर २३ अंश. एप्रिलमधल्या एका दुपारचे हे आकडे आहेत. घाईत असाल तर एवढंच वाचून पुढं गेलात तरी चालेल.

बारा बाटल्यांचा, थर्मोइलेक्ट्रिक (म्हणजे फ्रिजसारखा कॉम्प्रेसर नसलेला), काळ्या काचेच्या दाराचा तो कूलर तुम्ही दिवाळी सेलमध्ये पाहिलेलाच आहे. कंपनी कुठलीही असो, दिसायला सगळे सख्खे भाऊ. मी १२,९९० ला घेतला, कार्डावर हजार सुटले. नोव्हेंबरात थंडी पडली होती, त्या भरात मी पाच तारे देऊन मोकळा झालो. ते परत घ्यायला आलोय. आता दीड.

घेतला कशाला, हे बायकोनंही विचारलं. त्याला कारण आपली ‘वाइन शॉप’ नावाची दुकानं. महाराष्ट्रात या पाटीखाली व्हिस्की, रम, बिअर सगळं मिळतं. वाइन असते सर्वांत वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला खेटून, उभी आणि धुळीनं माखलेली. नाशिकचा मे महिना त्या फळीवर काढलेली बाटली आपण घरी आणतो आणि मग म्हणतो, भारतीय वाइनला चवच नाही. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि केवढा गदारोळ झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. संस्कृती बुडते की तरते यावर तेव्हा सगळे बोलले. माझ्या डोक्यात एकच होतं: तिथं एसी असतो.

तर कूलर आला. सहा कप्पे, कप्प्यात दोन बाटल्या. मला हौस अशी की कप्प्याकप्प्यानं देशातल्या वाइनचा इतिहास लावायचा. बायको म्हणाली, “लावा. प्यायचा कधी तेवढं सांगा.”

पहिल्याच कप्प्याला अडलो, कारण तिथं ठेवण्यासारखी बाटलीच मिळत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं, म्हणजे मद्यावरच्या अधिकाऱ्याचं, अख्खं प्रकरण आहे, म्हणजे एक्साइज खातं तेव्हापासूनचं. त्यात ‘मृद्वीकारसो मधु’ येतं. मृद्वीका म्हणजे द्राक्ष, मधु म्हणजे त्याची वाइन. आणि या मधूच्या जाती सांगितल्यात कापिशायन आणि हारहूरक, मुलखाच्या नावावरून. कापिशी आजच्या अफगाणिस्तानात. म्हणजे चांगला माल तेव्हाही थंड मुलखातलाच. पुढं जहांगीरनं हातात प्याला घेतलेली स्वतःची छबी सोन्याच्या नाण्यावर पाडली. पुढं १८८३-८४ च्या कलकत्त्याच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात भारतीय वाइन मांडली गेली. काश्मीरच्या महाराजांनी फ्रान्सहून वेली आणून बागा लावल्या. आणि १८९० च्या दशकात फिलॉक्सेरा आला, मुळं खाणारी उवेएवढी कीड, आणि होतं नव्हतं ते गेलं. एवढा सगळा काळ एका कप्प्यात मावायचा होता. शेवटी औषधाच्या दुकानातून द्राक्षासवाच्या दोन बाटल्या आणून ठेवल्या. हसू नका. मनुका, गूळ, धायटीची फुलं, आणि आंबून त्यातच तयार झालेलं अल्कोहोल. ही आपली सर्वांत जुनी चालू असलेली परंपरा, आणि ती प्यायला परवाना लागत नाही.

दुसऱ्या कप्प्यात गोव्याची पोर्ट. पोर्तुगिजांची देणगी. गोड, लालभडक, स्वस्त, बऱ्याचदा बेंगळूर ब्लू जातीच्या द्राक्षांची. जाणकार नाक मुरडतात. मीही मुरडलं, आणि जागा कमी पडली तेव्हा तीच बाहेर काढून स्वयंपाकघरातल्या माळ्यावर टाकली. हे लक्षात ठेवा.

तिसरा कप्पा नारायणगावचा. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्रज्ञ आणून तिथं शॅम्पेन पद्धतीची फेसाळ वाइन केली, आणि ‘ओमर खय्याम’ नावानं ती परदेशात विकली. नारायणगावात! दारूबंदी कायदा १९४९ चा, घटनेच्या ४७ व्या कलमात मद्य बंद करायचा प्रयत्न करा असं लिहिलेलं, आणि इकडं जुन्नर तालुक्यातून बुडबुडे निर्यात. ती बाटली आता मिळत नाही, म्हणून तिच्या जागी नाशिकची एक स्पार्कलिंग ठेवली. चौथ्यात नंदी हिल्स: बेंगळुरूजवळ, सुमारे तीन हजार फुटांवर, कंवल ग्रोव्हर यांनी फ्रेंच जाती लावून वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या आणि १९९२ मध्ये पहिली वाइन बाजारात आणली. उंची का निवडली? रात्री गार असतात म्हणून. पाचव्यात आमचं नाशिक. ओरॅकलमधली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आंबा वगैरे करून पाहिला, १९९७ मध्ये सोव्हिन्यों आणि शेनिन या पांढऱ्या वाइनच्या जाती लावल्या, आणि २००० मध्ये सुलाची पहिली वाइन आली. २००१ मध्ये सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, अबकारी माफ केली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले, आणि दिंडोरी-निफाडात जो तो वाइनची द्राक्षं लावायला निघाला.

जो तो म्हणजे माझा मामाही. सहावा कप्पा त्याचा.

मामानं २००५ मध्ये दिंडोरी तालुक्यात दोन एकर शिराज, लाल वाइनची द्राक्षं, लावली, एका वायनरीशी करार करून. सुरुवातीला खूश होता. खायच्या द्राक्षासारखं जीएत (मणी वाढवायच्या संजीवकात) घड बुडवायचे नाहीत, विरळणीची मजुरी नाही, मण्यांच्या फुगवणीची काळजी नाही. मणी वाटाण्याएवढे, जाड सालीचे, बियांचे. आम्ही पोरं तोंडात टाकून थुंकायचो. दराला फक्त एकच अट, गोडी. ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापावर, दर. मामा पहाटे बागेत फिरून मणी पिळायचा, मीटर डोळ्याला लावून उजेडाकडं धरायचा: २३. गाडी भरून गेटवर जायची, तिथं त्यांचा माणूस त्यांच्या मीटरनं बघायचा: साडेवीस. अडीचचा फरक, दर खाली. मामा म्हणायचा, “आमचं मीटर बघा की.” तो म्हणायचा, “आमच्याकडं आमचंच धरतात.” २००८ च्या अखेरीला मंदी आली, मुंबईतल्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, मागणी आटली. २००९ मध्ये त्या वायनरीनं माल उचललाच नाही. पुढच्या वर्षी मामानं शिराज कापली आणि त्याच डॉगरिज जातीच्या अमेरिकन खुंटावर थॉमसन या खायच्या द्राक्षाचे डोळे भरले, म्हणजे कलम केलं. (युरोपनं अमेरिकन खुंट घेतला तो फिलॉक्सेराला भिऊन. आपण घेतला तो खारं पाणी आणि दुष्काळाला भिऊन. खुंट तिकडचाच, भीती आपली.)

त्या व्यवहारातून मामाकडं उरली ती २००८ ची एक बाटली, वायनरीनं दिवाळीला भेट दिलेली. ती त्यानं कोठीच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांमागं आडवी टाकली होती. मातीच्या दीड हात जाड भिंती, खिडकी नाही. मी डिसेंबरात शहाणपणा करून ती आणली: “मामा, माझ्याकडं नीट राहील.”

फेब्रुवारीपर्यंत कूलर खरंच छान चालला. आवाज नाही, हादरा नाही, निळा दिवा, पाहुण्यांना दाखवायला मजा. तेव्हा हे लिहिलं असतं तर चार तारे ठरलेले होते. एक तारा विजेसाठी कापला असता. हे थर्मोइलेक्ट्रिक यंत्र फ्रिजसारखं थांबत नाही, चोवीस तास चालतं. प्लगला मीटर लावून मोजलं: दिवसाला दीड युनिटाच्या वर. घरातला मोठा फ्रिज याहून कमी खातो, आणि तो बर्फही देतो.

मार्चअखेर सोव्हिन्यों उघडली तर ती कोमट. डिस्प्लेवर १२. मला वाटलं, माझाच हात तापलाय. बायको म्हणाली, “थर्मामीटर ठेवून बघा ना, विरजणाचा आहे.” पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर उभा करून दोन तास दार बंद. २१. रात्री पुन्हा. २०. एप्रिलच्या मध्यात हॉल ३६ वर गेला आणि आत २३ झालं. डिस्प्ले ढिम्म. १२.

मग मी तेच बघत बसलो. आवाज, दिवा, कप्प्यांचं लाकूड, सगळं विसरलो. सकाळी दात घासायच्या आधी थर्मामीटर. वहीत तीन रकाने: खोली, आत, डिस्प्ले. तिसऱ्या रकान्यात चाळीस दिवस १२ लिहिलं. बायकोनं वही बघितली आणि म्हणाली, तुम्ही मामांवर गेलात.

१४ मे ला दुपारी वीज गेली ती रात्री आठला आली. वीज आली, कूलरचा पंखा काही आला नाही. डिस्प्ले मात्र आला. सांगायला नको. सकाळी दार उघडलं तर आत ३४, आणि मामाच्या बाटलीचं बूच कागदाएवढं नव्हे, चांगलं तीन-चार मिलिमीटर वर आलेलं, आवरणाखालून काळपट लाल ओघळ कप्प्याच्या लाकडावर वाळलेला. सोळा उन्हाळे कोठीत काढलेली बाटली. हा माझा पहिलाच उन्हाळा तिच्याबरोबरचा.

तक्रार नोंदवली. सहाव्या दिवशी तंत्रज्ञ आला, पोरगा भला होता. म्हणाला, “काका, अँबियंट, म्हणजे खोलीचं तापमान, जास्त आहे. हा एसी रूममध्ये ठेवायचा.” म्हणजे थंड करायचं यंत्र थंड खोलीत ठेवायचं. पुस्तिकेत खोलीसाठी खरंच बारीक अक्षरात २५ अंश लिहिलेलं आहे, तुम्हीही घ्यायच्या आधी वाचा. हे यंत्र खोलीपेक्षा बारा-पंधरा अंशच खाली नेऊ शकतं, त्यापुढं त्याचा दम संपतो. ठीक. निसर्गनियम आहे, मान्य. पण आकडा? मी वही काढली. तो हसला. “काका, ते सेट टेंपरेचर असतं. आतलं नाही दाखवत. सगळ्यांचं तसंच असतं.”

सगळ्यांचं तसं नसतं. जानेवारीत हंगामात मी एका वायनरीत फेरफटका मारला होता. पहाटे तोडलेला माल उन्हाच्या आत आणतात, रस स्टीलच्या टाकीत जातो, टाकीभोवती थंड पाणी खेळवणारं जॅकेट, त्यावर दव धरून थेंब टपकत असतात. पांढरी वाइन चौदा-पंधरा अंशांवर हळूहळू आंबवायची, बाहेर कितीही तापो. फ्रान्समध्ये म्हणे लाकडी पिंपांचं कौतुक करतात. इथं कौतुक करायचं तर चिलरचं आणि त्याला लावलेल्या जनरेटरचं, ही दोन नसती तर नाशिकची वाइन नसती. आणि प्रत्येक टाकीवर एक छोटा कंट्रोलर होता, त्यावर दोन ओळी. वर खरं तापमान, खाली ठरवलेलं. दोन्ही. तो कंट्रोलर काही सोन्याचा नसतो. तेरा हजारांच्या कूलरवर दुसरी ओळ परवडली नाही.

नंतरचा महिना फोनचा. थंड करणारं मॉड्यूल जळलंय, व्होल्टेजमुळं, वॉरंटीत बसत नाही, ३,४०० रुपये. मी म्हटलं, आमच्याच सर्किटवरचा पंधरा वर्षांचा फ्रिज जिवंत आहे. पाच फोन, तीन ईमेल, वहीच्या पानांचे फोटो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मॉड्यूल आणि पंखा फुकट बदलून दिला. वहीनं काम केलं असं माझं मत आहे. बायकोच्या मते ते कंटाळले.

मामाची बाटली आम्ही जूनमध्ये त्याच्या ओसरीवर उघडली. बूच हातानंच निघालं. विटकरी रंग, वास मनुकांचा आणि मागून व्हिनेगरचा. मी शरमून गप्प. मामानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पेला खाली ठेवला आणि विचारलं, “तुझ्या मशिनवर किती दाखवत होता?” मी म्हटलं, बारा. तो हसला तो थांबेचना. “आणि तुझ्या मीटरवर तेवीस ना? माझ्याही मीटरवर तेवीसच होतं रे.”

आता दीडमधल्या अर्ध्या ताऱ्याचं. पावसाळ्यात हॉल २६ वर आला आणि नव्या मॉड्यूलनं आत १३ धरलंय. डिस्प्ले १२ म्हणतो, एक अंश मी सोडून देतो. वाचलेल्या बाटल्यांत नंदी हिल्सची ठीक निघाली, स्पार्कलिंगचा फेस मंदावलाय, सोव्हिन्यों उकडलेल्या सफरचंदासारखी. द्राक्षासवाला काहीही झालेलं नाही. आणि माळ्यावर ४० अंशांत अख्खा उन्हाळा काढलेली ती पोर्ट उघडली तर जशीच्या तशी. मुळात पोर्टमध्ये ब्रँडी घालायला लागले ते समुद्रावरच्या लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून, असं सांगतात. आमच्या माळ्याचा प्रवास तिला जड गेला नाही. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतली.

सध्या माझ्या चार चांगल्या बाटल्या मामाच्या कोठीत आहेत, पोत्यांमागं आडव्या, सोबत विरजणाचा थर्मामीटर. काल फोनवर त्यानं २४ सांगितलं. कूलरचे खालचे चार कप्पे बायकोनं गणपतीसाठी घेतलेत. ओल्या फडक्यात गुंडाळलेली दुर्वा चौथ्या दिवशीही हिरवीगार आणि जास्वंदीच्या कळ्या मिटलेल्याच, फ्रिजमध्ये त्या दुसऱ्या दिवशी काळ्या पडायच्या. म्हणून दीड तारा. ऑक्टोबरात हॉल पुन्हा ३३ वर गेला की वही काढणार आहे.