मुंबईचा बूम की गावचं चॅनल? खानदेशात टीव्ही पत्रकार व्हायचं तर

जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये राहून टीव्ही पत्रकारिता करायची, तर रस्ते दोन. मुंबईच्या वाहिनीचं स्ट्रिंगर व्हा, नाहीतर स्थानिक केबल किंवा यूट्यूब चॅनल धरा. मुंबईच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या निवडून लावणाऱ्या कार्यालयात, नोकरीही मिळते, पण मग खानदेश सुटला.

स्ट्रिंगरच्या हातात बूम, म्हणजे लोगोवाला माईक, वाहिनीचा, पण तो वाहिनीचा नोकर नसतो. बहुतेक ठिकाणी पैसे बातमीमागे, तेही बातमी चालली तरच. पेट्रोल, कॅमेरा, डेटा पॅक आपला. मान मात्र रोख मिळतो: बूम दिसला की पालकमंत्रीही दोन मिनिटं थांबतात.

रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात केळी आडवी झाली की भल्या पहाटे डेस्कचा फोन येतो. "व्हिज्युअल टाका, शेतकऱ्याचा बाईट घ्या, रडत असेल तर उत्तम!" बाईट म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं बोलणं. दुपारी आडव्या खोडांत उभं राहून पीटूसी (कॅमेऱ्याकडे बघून बातमी सांगणं), संध्याकाळी विषय संपला. पंचनामा झाला का, विम्याचे पैसे आले का, हे कोणी विचारत नाही. हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले की लगेच फोनो, म्हणजे फोनवरून थेट बातमी. धडगावच्या पाड्यावर पाणी नाही म्हटलं की "बघू".

स्थानिक चॅनलवर तोच पंचनामा महिनाभर लावून धरता येतो. लेवा बोलीतला बाईट कापावा लागत नाही, अहिराणीत अख्खं बुलेटिन करता येतं. चुकलात तर चौकातच कोणीतरी गाठून सुनावतं, हेही चांगलंच. गोम आहे जाहिरातीत. नगरसेवकाच्या वाढदिवसाची जाहिरात घेतली की त्याच्या वॉर्डातली तुंबलेली गटार दाखवताना हात आखडतो. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा हवा तर साधारणपणे 1000 सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात व्हिडिओ एकूण 4000 तास पाहिले जावे लागतात. तोवर घर लग्नाच्या शूटिंगवर चालतं.

घरी शेती किंवा दुकानाचा आधार असेल, तर मी म्हणेन आधी स्थानिक चॅनल. बातमी शेवटपर्यंत न्यायची सवय तिथेच लागते, बूम नंतरही मिळतो. आधार नसेल तर दोन्हीकडे ओढाताणच आहे. त्यातल्या त्यात बूम बरा, ओळखी लवकर होतात. फक्त बूमसाठी डिपॉझिट किंवा जाहिरातीचं टार्गेट मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका, ती पत्रकारिता नव्हे, वसुली आहे. आणि होकार देण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या: बातमीमागे किती आणि कधी मिळणार, आणि बातमीवरून नोटीस आली तर वकील कोण देणार.