शिकवणीसोबती 'नाओ': मुलांचा विश्वास कुठे कमावतो, कुठे घालवतो

उंची ५८ सेंटीमीटर, वजन साधारण साडेपाच किलो. मुलासमोर टेबलावर बसवला की नजरेला नजर भिडते, आणि फ्रान्समधल्या आल्देबराँ कंपनीचा 'नाओ' हा माणसासारखा दिसणारा छोटा रोबो पहिली बाजी तिथेच मारतो. नवलाई ओसरली की मूल दोनच गोष्टी बघतं: हा सांगतो ते बरोबर निघतं का, आणि मी बोललो की लगेच माझ्याकडे बघतो का.

बघण्यात नाओ चोख आहे. चेहरा ओळखून मान वळवतो, हातवारे नेमके करतो. ऐकण्यात मात्र मार खातो. डोक्यात चार मायक्रोफोन आहेत खरे, पण पंखाही डोक्यातच घरघरत असतो, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाचं बारीक, अडखळतं बोलणं त्याला धड उमगत नाही. दोनदा 'काय म्हणालास?' झालं की मूल उठून जातं. म्हणून मोकळ्या गप्पांवर धडा बांधूच नये. उत्तर टॅबलेटवर बोट लावून घ्यावं. नेदरलँड्समध्ये मुलांना इंग्रजी शब्द शिकवताना एल-टू-टॉर प्रकल्पाने हेच केलं. शब्द मुलांना आले, पण नुसत्या टॅबलेटवर शिकलेल्या मुलांपेक्षा रोबोवाली मुलं पुढे गेली नाहीत. विक्रेता हे सांगणार नाही.

मराठी त्याला येत नाही. एकाच व्यक्तीच्या आवाजात छोट्या छोट्या वाक्यांच्या फाइली करून कोरेग्राफ या नाओच्या संगणक-प्रोग्राममधून वाजवा आणि हातवारे त्यांना जुळवून घ्या. ऐकण्याची पाळी आली की डोळ्यांतले दिवे ठरावीक रंगाचे होतील असं बसवा, आणि 'हा रंग दिसला की बोल' हे मुलाला आधीच सांगून ठेवा. मध्येच बोलल्याने होणारा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

उभा ठेवून शिकवू नका. गुडघ्यांच्या आणि घोट्यांच्या मोटारी तापतात, मग पायातला जोर जातो आणि स्वारी आडवी. पडलेला मास्तर बघून हसू येतं, पण पुढचा धडा कोणी मनावर घेत नाही. बसवूनच ठेवा. बॅटरी तास-दीड तास पुरते. काखेत आणि कोपरात बोटं चिमटतात, त्यामुळे मिठी मारायला आलेल्या मुलाकडे लक्ष हवं.

खरी काळजी विश्वास जास्त बसण्याची. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सारख्या लांबीची रेघ ओळखायची होती, आणि ७ ते ९ वर्षांच्या मुलांसमोर तीन नाओ मुद्दाम चुकीची रेघ निवडत होते. एकटं असताना ८७ टक्के बरोबर उत्तरं देणारी मुलं ७५ टक्क्यांवर घसरली. मोठी माणसं बधली नाहीत. म्हणून धड्यात अधूनमधून 'हे मला नक्की माहीत नाही, बाईंना विचारू या' असं वाक्य घालाच. स्वित्झर्लंडमधल्या को-रायटर प्रकल्पाची युक्तीही घेण्याजोगी आहे: तिथे नाओ वाईट अक्षर काढतो आणि मूल त्याला गिरवायला शिकवतं. फक्त ज्या विषयात तो विद्यार्थी, त्यात त्याला मास्तर करू नका.

किंमत लाखांत. शाळेने चार वर्गांत फिरवला तर परवडेल, घरासाठी नाही. कंपनी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा घेण्याआधी सुटे भाग आणि दुरुस्ती कोण देणार हे लेखी घ्या. वापरलेला घेत असाल तर पूर्ण चार्ज करून अर्धा तास चालवून बघा: गुडघा लटपटतो का, बोटं मिटतात का, छातीवरचं बटण दाबल्यावर आपला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) स्पष्ट बोलतो का.